कोंडीबा ड्रायव्हरचे नामस्मरण

"तुमची नात आज देवाम्होरं काय बोलली, सांगू का?" अंबूबाईंनी विचारले.

"सांगा की, ईनबाई."

"न्हाई सांगायची. माझ्या तोंडात मावत न्हाई त्ये."

साताऱ्याहून आलेली मोटार वाईच्या स्टँडवर उभी होती आणि कोंडीबा ड्रायव्हरची विहीण मोटारीच्या नाकासमोर उभी होती. त्यामुळे मोटार पुढे जाणे शक्य नव्हते. मागच्या बाजूला दस्तगीर क्लीनर भट्टीचा पंखा फिरवत होता. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाल्यापासून कंपनीने मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्ट्या लावल्या होत्या. भट्टीत कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा आणि गॅस धरला की इंजिन सुरू करायचे. गॅस धरायला वेळ लागे. त्या वेळात उतारूंना करमणूक लागे, आणि आज ती आयती मिळाली होती.

"मला बी कळू द्या की काय बोलली," कोंडीबा म्हणाला.

"कापूर पेटंना. ह्या लढाईच्या काड्या मेल्या, तीन वढल्या, तिन्ही इझल्या. मनी हात जोडून बसली हुती गुणाची. तिसरी काडी इझली आन कापराकडं बघून बोलली."

"काय?"

"तुमी ह्या भट्टीला रोज म्हंता त्ये."

उतारूंमध्ये खसखस पिकली. कोंडीबा भट्टीला रोज काय म्हणतो हे सातारा ते महाबळेश्वर सर्वांना ठाऊक होते. अडीच वर्षांच्या मनीने तो शब्द भलत्याच ठिकाणी वापरला असता, तर पोर काहीतरी बरळली म्हणून सोडून देता आले असते. पण तो अगदी जागच्या जागी पडला होता. अंबूबाईंना भीती वाटत होती ती त्याचीच.

"आजपासनं पोरगी स्टँडवर यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं जावळ हाय, ध्यानात हाय न्हवं?"

कोंडीबाच्या ध्यानात होते. त्याच्या लेकीला, मनीच्या आईला, म्हणजे अंजनाला भाऊ नव्हता. जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नाही, तर ती मांडी आजोबांची, असे मनी जन्मली त्याच दिवशी ठरले होते. तेव्हापासून कोंडीबाने त्या दिवसासाठी एक कोरे धोतर बाजूला ठेवले होते.

"मेढ्याला अंजनाचा चुलतभाऊ हाय," अंबूबाई म्हणाल्या. "त्येची मांडी बी मांडीच हाय."

"ईनबाई, आवं…"

"तोंड धुवा, पाव्हणं. आतनं. शिवी व्हटावर आली की देवाचं नाव घ्यायचं. दुसरं काय बी करायला नगं. मी घागर सोडताना एक नाव घेती, वढताना एक घेती. जात्यावर घेती, केर काढताना घेती. हात फिरंल तितं ध्यान आन ध्यानात नाव. ह्या तोंडातनं वावगा शबुद ग्येला न्हाई कवा. इचारा वाईत कुणाला बी."

हे खरे होते. अंबूबाईंची ही रीत गावात प्रसिद्ध होती. त्यांच्या हातून भाकरी करपली तरी तव्याला त्या "हरी हरी" म्हणत.

त्या बाजूला झाल्या. कोंडीबाने इंजिन सुरू करू पाहिले. भट्टीने एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली. कोंडीबाचे तोंड उघडले. सगळी मोटार कान देऊन बसली. त्याने तोंड मिटले. त्याच्या मानेच्या शिरा तेवढ्या टरारून फुगल्या.

"दादा," दस्तगीर मागून ओरडला, "काय म्हणाला न्हाईत त्ये? मला कळंना, पंखा फिरवू का थांबवू?"

कोंडीबाच्या शिव्यांना इतिहास होता. मागच्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला आणि तिथे लष्करी लॉरी चालवायला शिकला. शिकवणारा सार्जंट गोरा होता. त्याला मराठी येत नव्हते, कोंडीबाला इंग्रजी येत नव्हते. एकमेकांच्या शिव्या मात्र दोघांना लवकर कळू लागल्या. पहिल्या गिअरला एक, दुसऱ्याला एक, वाळूत चाक रुतले की सगळ्या. अशा रीतीने कोंडीबाचा गिअरवर हात बसला तेव्हाच त्याचे तोंडही बसले, आणि पुढे ही दोन कामे त्याला वेगळी करता आली नाहीत. मनाने तो वाईट नव्हता. ज्या गाडीवानाला तो वाटेत त्याच्या तीन पिढ्यांसह उद्धरी, त्याचाच बैल बसला तर खाली उतरून शेपटी पिळायला हात देई. त्याच्या शिव्या कोणी मनावर घेत नसे. दिल्या नाहीत तरच लोक चौकशी करत.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला सगळे सांगितले. बनुबाई भाकरी थापत होती.

"मग सोडा की शिव्या," ती म्हणाली.

"सोडतो."

"लगीन झालं तवा बी म्हणाला हुता."

"आता नातीचा सवाल हाय."

"आन माझा हुता तवा काय झालं हुतं?"

कोंडीबाने भाकरीचा मोठा घास घेतला. तो गरम होता. त्याचे तोंड भाजले आणि नातीचा सवाल तिथल्या तिथे निकालात निघाला. बनुबाईने तवा उतरवला. "हं. चाललं न्हवं का झ्याक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसाचीही तीच गत झाली. देवाचे नाव घ्यायचे हे कोंडीबाला मान्य होते, पण कोणते, हे ठरवीपर्यंत शिवी बाहेर पडून समोरच्याच्या घरी पोचलेली असे. पाचवडच्या फाट्याजवळ धुळा धनगर रस्ताभर मेंढरे पसरून चालला होता. त्याला पाहताच मारुती म्हणावे की खंडोबा, या विचारात कोंडीबा पडला आणि तेवढ्यात तोंडाने आपले काम करून टाकले. धुळाने नेहमीप्रमाणे हात वर करून रामराम केला.

"दादा, आसं न्हाई जमायचं," दस्तगीर म्हणाला. दस्तगीर मिरजेचा. आधी तिथल्या एका तंतुवाद्याच्या कारखान्यात भोपळे घासायला होता. तिथून उठून भट्टीपाशी कसा आला, हे त्याचे त्यालाच सांगता येत नसे. "गिअर कसं हाय? पयला कुटं, दुसरा कुटं, ठरल्यालं हाय. हात आपला आपण जातो. तसं शिव्यांचं ठरवून टाका. एका शिवीला एक देव."

कोंडीबाला हे एकदम पटले. पाचवड ते वाई या टप्प्यात दोघांनी ते काम उरकले. शेरडामेंढरांसाठी जी किरकोळ शिवी होती तिच्या जागी मारुतीराया. बैलगाड्यांसाठी खंडेराया. भट्टी आणि इंजिन यांच्यासाठी जोतिबा. राहिली सगळ्यात मोठी. ही कोंडीबा क्वचित वापरी. तिच्यात आई, बहीण, आजी आणि एक गाढव होते, आणि म्हणायला वेळ लागे. तिच्या तोलामोलाचे नाव सापडेना.

"लांब पायजे," कोंडीबा म्हणाला. "आखूड नावानं दम सुटत न्हाई."

"महाबळेश्वरा," दस्तगीर म्हणाला.

कोंडीबाने ते एकदा मनात म्हणून पाहिले. लांबी बरोबर भरत होती. पुढे जरा वेळाने तो म्हणाला, "तुज्याकडचा बी एखादा पीर घ्यावा का रं? बरं दिसंल."

"नगं नगं," दस्तगीर घाईने म्हणाला. "आमचं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमचं तुमी निस्तरा."

ही योजना चालली. चार-सहा दिवसांत कोंडीबाच्या तोंडाला नवे रस्ते सापडले आणि अस्सल शिवी क्वचितच निसटू लागली. पण एक गोष्ट दोघांच्याही हिशेबात आली नव्हती. शब्द बदलला होता, बाकी काहीच बदलले नव्हते. तोच डोळा, तीच मान, तोच खालच्या पट्टीत सुरू होऊन वर फुटणारा आवाज. सरळ रस्त्यावर जाणाऱ्या निरुपद्रवी गाडीवानाच्या पाठीवर जेव्हा "आरं एऽऽ खंडेराया!" असे येऊन आदळे, तेव्हा त्याला आपल्या सात पिढ्या आठवत.

पहिली तक्रार धुळा धनगराने केली. जन्मभर शिव्या ऐकून रामराम करणारा हा माणूस मेंढरे पोराच्या हवाली करून चालत वाईच्या स्टँडवर आला.

"मला मारुती म्हणाला," तो म्हणाला.

योगायोगाने अंबूबाई तिथे होत्या. पाव्हण्यांची प्रगती पाहायला त्या अधूनमधून येत. "मग त्यात वंगाळ काय?" त्यांनी विचारले. "देवाचं नाव हाय."

"तुमी ऐकायला पायजे हुतं, बाई. कसं म्हणाला त्ये."

"कसं का म्हणंना. नाव त्ये नाव."

"आवं, ह्येच्यापरीस आदीचं बरं हुतं. त्ये ऐकलं की आपल्याला काय लागायचं न्हाई. आता देवळाम्होरनं जाताना हात जोडू का नगं, कळंना झालंय."

"नाम घेतल्यालं तुला लागतंय," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी पाप कुणाच्या पोटात हाय? बघ इचार करून."

धुळा विचार करत परत गेला. सबंध पावसाळा तो विचार करत होता.

मग लोण पसरले. सातारच्या नाक्यावर दोन गाडीवानांची जुंपली तेव्हा एक म्हणाला, "तू खंडेराया!" दुसरा म्हणाला, "तुजा बाप खंडेराया!" नाक्यावरच्या शिपायाने दोघांना हटकले, पण कशाबद्दल हटकले हे त्याला साहेबाला सांगता येईना. दस्तगीरची निराळीच अडचण झाली. सकाळी सातारच्या स्टँडवर उतारू गोळा करायला तो "महाबळेश्वर, महाबळेश्वर!" असे ओरडे, आणि स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेला कोंडीबा दर खेपेला दचकून मागे पाही.

अंबूबाई मात्र संतुष्ट होत्या. मनी पुन्हा स्टँडवर येऊ लागली. मोटार आली की अंजना तिला कोंडीबाच्या शेजारी बसवी. ती भोंगा दाबी, आणि भट्टी गॅस धरीपर्यंत आजोबाचे नामस्मरण ऐके. श्रावण लागता लागता अंबूबाईंनी स्टँडवर चार माणसांत जाहीर केले, "काल चुलीवर दूध लवकर तापंना, तर पोरगी चुलीकडं बघून काय म्हणाली ठावं हाय? 'जोतिबा!' आशी जोरात म्हणाली, माज्या अंगावर काटा आला. मागल्या जन्माची पुण्याई हाय, दुसरं काय."

कोंडीबाने चाकाला दोन्ही हातांनी घट्ट धरले. दस्तगीर भट्टीमागे दिसेनासा झाला.

"आन पाव्हणं," अंबूबाई म्हणाल्या, "मांडी तुमचीच. मेढ्याला नगं म्हणून कळवून टाकलंय."

त्या रात्री कोंडीबा जेवला नाही. बनुबाईने कारण विचारले.

"फसवतूया मी त्या बाईला," तो म्हणाला. "देवाला बी."

"देवाला सवय आसंल. पर तिला सांगायचं आसंल तर जावळ झाल्याव सांगा," बनुबाई म्हणाली.

पण कोंडीबाला ते टोचत राहिले. दस्तगीरने ते एका वाक्यात मांडले होते : "कोळसा बदलला दादा, भट्टी तीच." मग एकदा पाचवडपर्यंतच्या वडांच्या सरळ रस्त्यावर, समोर कोणी नसताना, कोंडीबाने विहिणीची रीत तिने सांगितली तशी करून पाहिली. गिअर टाकताना एक नाव, काढताना एक नाव. रागावून नाही, नुसते. हात फिरेल तिथे ध्यान. थोड्या वेळाने त्याला मोटार ऐकू येऊ लागली. इतकी वर्षे तो तिला बोलत होता, तिचे ऐकले कधी नव्हते. इंजिनाचा ठेका, पट्ट्याची सळसळ, आणि मागे डाव्या अंगाला बारीक टण् टण् असा काहीतरी आवाज. मोटार सांगते आहे, आपले दुखणे सांगते आहे, असे त्याला वाटले. त्याने मोटार थांबवली, उतरून मागे गेला आणि वाकून पाहिले. दस्तगीरचा जेवणाचा डबा भट्टीच्या कडीला अडकवलेला होता.

तरीही तो आपला रोज त्या वडांखाली तेवढा वेळ नाव घेऊ लागला. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही घडतही नव्हते. वड संपले, पहिली बैलगाडी दिसली, की खंडेराया सुरू होई.

पुढच्याच आठवड्यात पाचगणीला कोणा नातेवाइकाकडे बारसे निघाले. अंबूबाई, अंजना आणि मनी, तिघी वाईला मोटारीत बसल्या. पाऊस सकाळपासून लागला होता आणि कोळसा भिजला होता. पसरणीचा घाट चढायला मोटारीने सुरुवात केली तेव्हाच ती दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. अवघड वळण आले तसा कोंडीबा म्हणाला, "बापई मानसं उतरा." ही रोजचीच रीत होती. पुरुष उतरले आणि डोक्यावर इरली-घोंगडी घेऊन कडेने चालू लागले. बाया आणि म्हातारी माणसे आत राहिली. दस्तगीर लाकडी ठोकळा खांद्यावर घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत होता. मोटार थांबलीच तर चाकाखाली सारायला.

वळणाच्या मध्यावर इंजिन बंद पडले.

कोंडीबाने ब्रेक दाबला. चिखलात चाके धरेनात. मोटार क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि मग हळूच, अगदी सावकाश, मागे सरकू लागली. मागे कठडा होता. कठड्यापलीकडे धुके होते, आणि धुक्याखाली खूप खाली वाई होती.

"महाबळेश्वरा!" कोंडीबा ओरडला.

त्याच वेळी दस्तगीरच्या ओल्या हातातून ठोकळा निसटला आणि घरंगळत कडेच्या चरात गेला. तो त्याच्यामागे धावला, घसरला, बसला, उठला. अंबूबाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले होते. मोटार सरकत होती, नात मांडीवर होती आणि हा माणूस ठोकळा पुसत होता. जन्मभर घागरीला, जात्याला आणि करपलेल्या भाकरीला ज्यांनी हरीचे नाव ऐकवले, त्या अंबूबाई दस्तगीरला एक शब्द बोलल्या.

तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. जिच्यात आई, बहीण, आजी आणि गाढव होते तीच ती शिवी होती. पण कोंडीबालाही जी कधी एका दमात साधली नव्हती ती अंबूबाईंनी एका दमात, न अडखळता, सगळे नातेसंबंध जागच्या जागी ठेवून दिली. घाटाने ती उचलली आणि समोरच्या डोंगरावरून परत आणून दिली.

दस्तगीरने ठोकळा चाकाखाली घातला. मोटार थांबली. भट्टीची कड कठड्याला हलकेच टेकली.

पाऊस पडत होता. आत बसलेल्या बाया अंबूबाईंकडे पाहत होत्या आणि बाहेरचे पुरुष खिडकीकडे पाहत होते. अंबूबाईंनी डोके आत घेतले होते. कठड्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. त्या आपल्या हाताकडे पाहत होत्या. तो त्यांनी तोंडावर ठेवला होता आणि तो ठेवायला उशीर झाला होता.

कोंडीबाने आरशात ते पाहिले. मग तो चाक न सोडता मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "माफी करा, मंडळी. माझ्या तोंडातनं ग्येलं."

छत्री घेऊन बाहेर उभे असलेले पाचगणीच्या शाळेतले एक मास्तर म्हणाले, "पण ड्रायव्हर, आवाज तर…"

"आवाज घाटात घुमतुया, मास्तर," चाकापाशी चिखलात बसलेला दस्तगीर म्हणाला. "तिकडनं फिरून येतो तवा बदलतो. पावसाळ्यात लय बदलतो."

मास्तरांनी अंबूबाईंकडे पाहिले, डोंगराकडे पाहिले आणि छत्री नीट केली. "असेल, असेल," ते म्हणाले.

पाचगणीला तिघी उतरल्या. अंजना बापाकडे पाहून हसली, मनीने हात हलवला, आणि पदर कपाळापर्यंत ओढून अंबूबाई पुढे चालू लागल्या. परतीच्या वाटेवर कोंडीबाने त्याच वळणावर मोटार सावकाश घेतली.

"दस्त्या, मी काय म्हणालो रं तवा?"

"महाबळेश्वरा म्हणाला."

"कसं म्हणालो?"

दस्तगीरने विचार केला. "दादा, माझं ध्यान ठोकळ्याव हुतं."

कोंडीबाने स्वतः पुष्कळ आठवून पाहिले. शिवी दिली होती की हाक मारली होती, हे त्याला काही केल्या सांगता येईना. एवढे मात्र झाले, की त्या दिवसानंतर ते नाव त्याला कोणावर टाकता येईना. तोंडापर्यंत येई, आणि मोटार पुन्हा मागे सरकते आहे असे वाटे. मग खंडेराया जड झाला. मग जोतिबा. भाद्रपदात तर भट्टी विझली तरी तो नुसता दम घेऊन बसे आणि ती पेटण्याची वाट पाही. दस्तगीरला वाटले, दादाला ताप येणार.

इकडे वाईच्या स्टँडवर अंबूबाई येईनाशा झाल्या. मनीही येईना. कोंडीबाने कोणाला दोष दिला नाही. चारचौघांत शिवी आपण पदरात घेतली होती. अट काय होती हेही चारचौघांना ठाऊक होते. आता त्याच मांडीवर नात बसवली, तर लोक विचारणार का बसवली, आणि त्याचे उत्तर अंबूबाईंना देता येणार नव्हते. मेढ्याच्या चुलतभावाला पुन्हा निरोप गेला असेल, असे तो धरून चालला. कोरे धोतर त्याने बनुबाईला ट्रंकेच्या तळाशी घालायला सांगितले. ते तिने वरच ठेवले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंबूबाई आल्या. पुन्हा मोटारीच्या नाकासमोर उभ्या राहिल्या. उतारू सरसावून बसले.

"परवा मोटार बंद ठिवा," त्या म्हणाल्या. "नायतर दुसऱ्या ड्रायव्हरला सांगा. मांडी लागंल."

"ईनबाई, पर मी त्या दिशी तसं…"

"तुमी त्या दिशी काय म्हणाला त्ये म्या ऐकलंय. आन कोन काय म्हणालं त्ये बी ऐकलंय. कान हायत मला."

"लोक इचारतील."

"इचारू द्यात. मी सांगंन, माज्या नातीचं जावळ हाय, माज्या मनाला यील त्येची मांडी घीन." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "रोज घागर वढताना त्योच शबुद येतुया व्हटावर. चाळीस वर्सं कुटं बसला हुता कुणाला ठावं. तुमचं काय हाय आता?"

"माझं गेलंय," कोंडीबा म्हणाला. "समदंच. शिवी बी जमंना, नाव बी जमंना."

अंबूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. "मग तुमी म्होरं ग्येलासा," त्या म्हणाल्या, आणि त्यात थोडी असूया होती.

जावळ कृष्णेच्या घाटावर निघाले. कोंडीबा कोऱ्या धोतरात पाटावर बसला आणि अंजनाने मनीला त्याच्या मांडीवर ठेवले. आत्या केस झेलायला पदर पसरून बसली. पहिली बट कापली तोवर मनीला गंमत वाटत होती. दुसऱ्या बटेला केस कात्रीत अडकून ओढला गेला. तिने मान वळवून न्हाव्याकडे पाहिले, डोळे बारीक केले आणि खालच्या पट्टीत सुरू करून वर फोडत म्हणाली, "महाबळेश्वराऽ!"

बायकांनी हात जोडले. "काय गं बाई, एवढ्याशा जिवाच्या तोंडी शंकर!" कोणीतरी म्हणाले. न्हाव्यानेही कात्री थांबवून नमस्कार केला.

कोंडीबाने वर पाहिले. समोर अंबूबाई उभ्या होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. आणि हा स्वर कुठून आला, धुळा धनगर पाचवडहून कशासाठी चालत आला होता, चुलीवरच्या दुधापाशी पोरीला जोतिबा का आठवला होता, हे सगळे त्यांना एकदम समजले. त्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलू लागले. ते पाहून कोंडीबालाही हसू आवरेना.

"मांडी हालवू नगा, बाबा," न्हावी म्हणाला. "पोरीला लागंल."

कोंडीबाने मांडी हलवली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होते, पायाला मुंग्या येत होत्या, मऊ केस त्याच्या हातावर पडत होते, आणि तो दगडासारखा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मोटार नेहमीप्रमाणे सुटली. पाचवडच्या अलीकडे धुळाची मेंढरे रस्ताभर पसरली होती. कोंडीबाने मोटार थांबवली. इंजिन मंद ठेवले आणि चाकावर हात टेकून तो बसला. मेंढरे आपल्या चालीने पलीकडे जाऊ लागली. धुळा रस्त्याच्या मध्ये काठी टेकून उभा राहिला. मोटार थांबलेली पाहून तो कोंडीबापाशी आला.

"बरं न्हाई का, डायवरसाब?"

"बरा हाय की."

धुळाने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "त्या दिशी मी वाईला तक्रार केली, त्येचा राग नगा धरू. तुमी आपलं म्हणा काय म्हणायचं त्ये."

"काय न्हाई म्हणायचं, गड्या. जाऊ द्या मेंढरं."

मेंढरे गेली. मागे राहिलेले एक लंगडे कोकरू रस्त्याच्या मधोमध थांबले, मोटारीकडे पाहू लागले, आणि धुळाने उचलून खांद्यावर घेईपर्यंत तिथेच थांबले. चार पावले जाऊन धुळाने एकदा मागे वळून पाहिले. हात रामरामासाठी अर्धा वर केला. मोटारीतून काहीच आले नाही. तेव्हा हात कुठे ठेवावा हे न कळून त्याने तो कोकराच्या पाठीवर ठेवला आणि तो शेतात उतरला.

कोंडीबाने पहिला गिअर टाकला. ओठ हलले की नाही, हे मागे बसलेल्या दस्तगीरला दिसले नाही.